शब्दाचा दर

दरवर्षी गुढीपाडवा आला की आमच्या पिरंगुटच्या दुकानात एक वाद ठरलेला. दुकान जमीन खरेदी-विक्रीचं. आम्ही दोघे भाऊ आणि आता थोरल्याचा मुलगा असे तिघे मिळून ते चालवतो. पाडव्याच्या आधी आठ दिवस पेपरात जाहिरात द्यायची ही अब्बांच्या वेळेपासूनची रीत. पोरगा म्हणतो, "चाचा, आता पेपर कोण बघतो? तेवढ्या पैशात मोबाईलवर महिनाभर जाहिरात चालेल. किती जणांनी पाहिली, कुठल्या भागातल्यांनी पाहिली, सगळा हिशोब रात्री हातात येईल." आम्ही म्हणतो, "येऊ दे." तो म्हणतो, "मग पेपर कशाला?" या प्रश्नाचं उत्तर आम्हाला दरवर्षी पुरतं देता येत नाही. म्हणून एकदा लिहूनच पाहावं म्हटलं.

सुरुवात अब्बांपासून करायला हवी. अब्बा पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. पौडहून सकाळच्या एसटीने जायचे, रात्री शेवटच्या गाडीने यायचे. बोटांना शाई, डोळ्यांना चष्मा आणि उलटं वाचायची सवय. छापखान्यात लग्नपत्रिका, बिलबुकं आणि हँडबिलं छापली जात. छापून घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी तरी विचारायचं, "तुमच्या मुळशीकडे एखादा एकर मिळेल का हो?" अब्बा गावात शब्द टाकायचे. असे दोन-तीन व्यवहार झाले आणि १९८६ साली त्यांनी छापखाना सोडला. 'दलाल' हा शब्द अम्मीला आवडत नसे. ती शेजारणींना सांगायची, "जमिनीचं बघतात."

अब्बांनी पहिली जाहिरात दिली ती रविवारच्या अंकातल्या छोट्या जाहिरातींत. तिथे शब्दावर पैसे. त्यामुळे या जाहिरातींची एक भाषाच तयार झाली होती. क्रियापद नको, विशेषण नको. 'पौड रस्ता, रोड टच, पाणी, लाईट, टायटल क्लिअर.' अब्बांना हे सोपं गेलं. ओळीत अक्षर कसं बसवायचं हे त्यांना माहीत होतं. पण ते शेवटी एक गोष्ट आवर्जून घालत, स्वतःचं नाव. आडनावासकट. दोन शब्दांचे जादा पैसे. पेपरच्या जाहिराती गोळा करणाऱ्या माणसाने त्यांना सुचवलं, "चाचा, नाव काढा. फोन नंबर पुरे. पैसेही वाचतील आणि फोनही वाढतील." फोन का वाढतील, हे त्याने सांगितलं नाही आणि अब्बांनी विचारलं नाही. तो काळ १९९३ नंतरचा होता. न विचारताही कळण्यासारखं होतं. अब्बांनी घरी येऊन एवढंच म्हटलं, "नाम छुपाके धंदा करनेका क्या?" आणि ते नाव घालत राहिले.

नाव आम्ही काढलं. अब्बा थकले, दुकान आमच्या हातात आलं आणि आम्ही नाव काढलं. फोन खरोखरच वाढले. आम्ही वहीत खुणा करून ठेवायचो. पहिल्या दोन रविवारीच फरक दिसला. आम्हाला आनंद झाला आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली. पण धंद्यात लाज किती दिवस टिकते?

मुळशी म्हणजे काय हे वाचकांना सांगायला नको. हा तालुका जमिनीसाठीच पेपरात येत आला आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा रकानेच्या रकाने लिहिले. तरी धरण झालं, आणि जमिनी गेल्या त्या कसणाऱ्यांच्या गेल्या. मोबदल्याचा मोठा भाग गेला सावकारांच्या नावावर, कारण कागद त्यांच्याकडे होते. कागद कुणाच्या नावावर आहे आणि पेपरात कुणाचं नाव आहे, या दोन गोष्टींवर मुळशीचं नशीब तेव्हापासून ठरत आलं आहे, असं आम्हाला वाटतं.

मग हिंजवडीला आयटी पार्क आला. माण, मारुंजी, सूस, बावधन, भूगाव या गावांची नावं पुणेकरांच्या तोंडी बसली. दासवे गावाच्या डोंगरात लवासा उभं राहू लागलं. त्याच्या पानभर रंगीत जाहिराती आम्ही दुकानात बसून पाहायचो. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण खात्याने ते काम थांबवलं, आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच वर्षी 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा आला. जमीन विकून गाडी घेतलेला आणि पुढे देशोधडीला लागलेला शेतकरी सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. आम्ही तो पौडच्या बाजारात रोज पाहत होतो. त्यांतल्या काहींच्या व्यवहारात दोन टक्के आमचे होते. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

त्या दिवसांत जाहिरात द्यायला डोकं लागत नसे. रविवारी छोटी जाहिरात, पाडवा-दसऱ्याला चौकट. मधल्या दिवसांत हजारभर हँडबिलं छापून कोथरूडच्या पेपरवाल्यांकडे द्यायची. पहाटे चार वाजता पोरं पेपरात घालायची. सकाळी दहापर्यंत फोन वाजायला लागायचे. 'चांदणी चौकापासून २० मिनिटे' हे वाक्य आम्ही किती वर्षं छापलं याचा हिशोब नाही. पुढे चांदणी चौकातच तासभर जायला लागला. २०२२ च्या ऑक्टोबरात तिथला जुना पूल पाडला, २०२३ मध्ये नवीन रस्ते सुरू झाले, तरी भूगावात गाडी अडकतेच. ते २० मिनिटांचं वाक्य खोटं आम्ही पाडलं नाही, रस्त्याने पाडलं. पण दुसरं एक वाक्य आम्हीच खोटं लिहिलं होतं.

२००६ ची गोष्ट. पौडच्या पुढे एका शेतकऱ्याच्या माळाचे तीन-तीन गुंठ्यांचे तुकडे पाडलेले. कुलमुखत्यारपत्र घेतलेला एक माणूस ते विकत होता आणि गिऱ्हाइकं आम्ही आणत होतो. बिनशेतीचा अर्ज झाला होता, आदेश झाला नव्हता. जाहिरातीचा मजकूर करताना थोरल्याने लिहिलं, 'एनए प्रस्तावित प्लॉट'. धाकट्याने शब्द मोजले. एक शब्द जास्त होत होता. 'प्रस्तावित' काढला. 'एनए प्लॉट' राहिलं. आम्ही फसवायला बसलो नव्हतो. आदेश महिन्या-दोन महिन्यांत होईल असं सगळेच म्हणत होते. पण एक शब्दाचे पैसे वाचले हेही खरं आणि तो शब्द नसला की फोन जास्त येतात हे आम्हाला ठाऊक होतं हेही खरं.

अकरा जणांनी प्लॉट घेतले. त्यांत सासवडकडचे एक निवृत्त गुरुजी होते. घरची शेती असल्याने शेतकरी असल्याचा दाखला होता, त्यामुळे खरेदीखताला अडचण आली नाही. आदेश मात्र झालाच नाही. अकरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागली. कुणाचा तुकडा कुठला, हे फक्त चुन्याच्या रेघांना माहीत होतं आणि पहिल्या पावसात त्या गेल्या.

गुरुजी २०१२ साली आले. त्यांना घर बांधायचं होतं. बँकेने कर्ज नाकारलं, कारण जमीन बिनशेती नाही. ते दोन दिवस आम्हाला शोधत होते. आमचं पौडचं दुकान आम्ही पिरंगुटला हलवलं होतं, जाहिरातीतला फोन बंद झाला होता. व्यवहाराच्या वेळी सगळे आम्हाला 'भाऊ' म्हणायचे, तेही 'भाऊ'च म्हणाले होते. कमिशनची पावती आम्ही कुणालाच देत नव्हतो. खरेदीखतावर आमचं नाव असायचं कारण नव्हतं. शेवटी पौडच्या एका चहावाल्याने त्यांना आमच्याकडे पाठवलं.

ते बसले, पाणी प्यायले आणि पाकिटातून एक कात्रण काढलं. सहा वर्षं घडीत राहून पिवळं पडलेलं. घड्यांवर फाटू नये म्हणून मागून चिकटपट्टी लावलेली. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि बोट ठेवून वाचलं, 'एनए प्लॉट.' मग आवाज न चढवता म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलं ना?"

"हो गुरुजी."

"मग खाली तुमचं नाव का नाही? मी शाळेत पोरांना सांगायचो, ज्या अर्जाखाली नाव नाही तो अर्ज केराच्या टोपलीत जातो. आणि मी स्वतः बिननावाच्या कागदावर आयुष्याची पुंजी लावली."

नाव का नाही याचं खरं उत्तर आम्ही त्या दिवशी त्यांना दिलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमचं नाव वाचून मी आलो नसतो, असं तुम्हाला वाटलं?" थोडं थांबून स्वतःच म्हणाले, "कदाचित नसतोही आलो. खोटं कशाला बोलू?"

आम्ही त्या माणसाला त्याबद्दल अजून मानतो. ती कबुली द्यायची त्याला गरज नव्हती.

मूळ शेतकऱ्याचे पैसे संपले होते. मुखत्यार सापडला नाही. आम्ही कमिशन परत केलं आणि मग घरात बसून ठरवलं की प्लॉट आपणच विकत घ्यायचा. आमची गावात वडिलोपार्जित शेती असल्याने ते शक्य होतं. मूळ किंमत तीन वर्षांत हप्त्यांनी दिली. व्याज गुरुजींनी मागितलं नाही, आम्हीही विषय काढला नाही. व्याज हराम म्हणून आम्ही गप्प बसलो असं कुणी समजू नये. पैसे नव्हते. आज त्या सामाईक सातबाऱ्यावर इतर दहा नावांबरोबर आमचं नाव आहे. ते दहा जण आमच्याकडे कधी आले नाहीत. त्यांनी कात्रण जपून ठेवलं नसेल. किंवा ठेवलं असेल आणि चहावाल्याला विचारायचं सुचलं नसेल. ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

आता पोराच्या प्रश्नाकडे येऊ. पेपरातली जाहिरात चालते का?

फोन किती येतात एवढाच हिशोब केला तर पोरगा बरोबर आहे. आपल्याकडे २००५-०६ च्या सुमारास घरं-जमिनींची संकेतस्थळं सुरू झाली. त्याआधीच, १९९५ साली, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्रेग्जलिस्ट नावाचा प्रकार निघाला होता. त्याने तिथल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींचं उत्पन्न हळूहळू खाल्लं. तेच लोण आपल्याकडे आलं. आमच्या रविवारच्या पानाचा अर्धा रकाना राहिला. २०२० चा पाडवा तर २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी आला. घरोघरी पेपर पडणं थांबलं होतं. त्या वर्षी आमची जाहिरात झालीच नाही आणि तरी पुढच्या सहा महिन्यांत मोबाईलवरून इतक्या चौकशा आल्या की पोराने आमच्याकडे पाहून नुसतं हसावं. शहरात कोंडलेल्या माणसांना एकदम मोकळी जमीन हवी झाली होती.

पण मोबाईलवरच्या जाहिरातीतून फोन येतात, माणसं कमी येतात. एकच माणूस बसल्या जागी वीस एजंटांना विचारतो. पेपर पाहून फोन करणारा सहसा पन्नाशीच्या पुढचा असतो. तो सातबारा मागतो आणि येतो म्हणाला की येतो. तरी हेही पेपरच्या बाजूचं मोठं कारण नव्हे.

पहिलं मोठं कारण वेगळंच आहे. एजंटाची जाहिरात घेणाऱ्यासाठी असते असं सगळे समजतात. आमचा अनुभव असा, की ती विकणाऱ्यासाठी जास्त असते. घोटवड्याच्या वस्तीवरचा म्हातारा शेतकरी मोबाईलवर आमची जाहिरात शोधत नाही. तो केस कापायला जातो आणि तिथे पडलेल्या पेपरात आमचं नाव पाहतो. "तुमचं पेपरात आलंय," म्हणतो. पैसे देऊन छापून घेतलंय हे त्याला कळतं, तरी त्याला ते महत्त्वाचं वाटतं. पैसे देऊन का होईना, चारचौघांत नाव सांगायला हा माणूस घाबरत नाही, एवढं त्याला पुरतं. जमीन हातात असल्याशिवाय एजंट काय विकणार?

दुसरं कारण, जाहीर नोटीस. चांगला वकील जमीन घेण्याआधी पेपरात नोटीस देतो. कुणाचा हक्क, हरकत असेल तर चौदा-पंधरा दिवसांत कळवा. ही कुणी वाचू नये अशाच इच्छेने दिलेली जाहिरात पुष्कळदा असते. त्यासाठी मुद्दाम कुणाच्या घरी न येणारा पेपर निवडणारेही आहेत. आमच्याच एका व्यवहारात शेतकऱ्याने सांगितलं होतं, वारस एवढेच. खरेदीदाराच्या वकिलाने खपाच्या पेपरात नोटीस दिली. अकराव्या दिवशी हरकत आली. भोरकडे दिलेल्या बहिणीचं नाव कुठे लागलंच नव्हतं आणि तिच्या जावयाने ती नोटीस वाचली होती. व्यवहार मोडला, आमचं कमिशन गेलं. त्या दिवशी आम्ही त्या जावयाला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आज वाटतं, खरेदी होऊन गेल्यावर ती बाई कोर्टात गेली असती तर दुसरे एक गुरुजी कात्रण घेऊन आमच्या टेबलासमोर बसले असते.

तिसरं कारण कायद्याने दिलं. रेरा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून. आता प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटाला नोंदणी लागते, पुढे परीक्षाही आली. विकसकाच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड. जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान झालं तर कलम १२ प्रमाणे भरपाई विकसकाच्या माथी. जी सेवा द्यायची नाही तिची जाहिरात पेपरात किंवा इतरत्र करणाऱ्या एजंटाला दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. शेतकऱ्याची सुटी शेतजमीन मात्र या कायद्यात येत नाही आणि मुळशीतला निम्मा बाजार तर तोच आहे. तिथे अजून कात्रणच काय ते कामाला येतं. मोबाईलवरची जाहिरात आम्ही रात्री काढून टाकली की सकाळी ती नव्हतीच. पेपरातली परत घेता येत नाही. पोराला हा तोटा वाटतो. आम्हालाही पूर्वी वाटायचा.

गुरुजींच्या भेटीनंतर, २०१३ च्या पाडव्यापासून, आम्ही जाहिरातीत पुन्हा नाव घालू लागलो. अब्बांसारखं, आडनावासकट. ते २००९ मध्ये गेले, त्यांना दाखवता आलं नाही. फोन कमी झाले, हे कबूल केलं पाहिजे. काही जण फोन करतात, बोलता बोलता नाव पुन्हा विचारतात आणि 'नंतर कळवतो' म्हणतात. दुसरीकडे असे फोन येऊ लागले जे पूर्वी कधी येत नव्हते. कोंढव्याहून, भोसरीहून, कधी मुंब्र्याहून. "तुमचं नाव पाहिलं म्हणून फोन केला," एवढं बोलून माणूस थांबतो. कुणी हिंजवडीत नोकरीला असतो. भाड्याने घर बघायला जातो, सगळं ठरतं आणि नाव सांगितल्यावर मालकाला गावाकडून भाऊ यायचा असतो. कुठे 'फक्त शाकाहारी कुटुंबास' असतं, आणि भाज्या आपण सगळेच खातो पण त्या वाक्यात काय लिहिलंय हे आपल्याला वाचता येतं. अशा माणसाला आम्ही दर वेळी घर देऊ शकतो असं नाही. मालक आमचेही तेच आहेत. पण फोनवर त्याला आपलं नाव दोनदा सांगावं लागत नाही.

केवळ आपल्या माणसांवर दुकान चालत नाही, चालूही नये. आमच्याकडे जमीन देणारे बहुतेक सगळे मावळे मराठा, धनगर, कातकरी आहेत आणि त्यांनी आमचं आडनाव अब्बांच्या वेळेपासून ऐकलेलं आहे. अडचण गावात कमी, पुण्याच्या फोनवर जास्त. पण मुळशीच्या कागदांनी आम्हाला एक शिकवलं. ज्याचं नाव कागदावर नाही त्याचा हक्क उरत नाही. आणि आम्हाला हेही कळलं की ज्याचं नाव कागदावर नाही त्याची जबाबदारीही उरत नाही. आम्ही सात-आठ वर्षं तशीच सोय करून घेतली होती. कारण सांगताना मात्र लोकांच्या मनाचं सांगत होतो.

गेल्या पाडव्याची जाहिरात पोराने लिहून आणली. चांगली लिहिली होती. त्यात 'लवकरच बिनशेती' असं होतं. धाकट्याने शब्द मोजले, सवयीने. थोरल्याने पेन घेतलं, 'लवकरच' खोडलं आणि 'बिनशेती नाही, अर्ज प्रलंबित' असं लिहिलं. पोरगा म्हणाला, "असं लिहून कोण फोन करेल?" मग त्यानेच खाली आमची दोघांची नावं लिहिली, थोडा थांबला आणि तिसरं स्वतःचं घातलं. शब्दांचे पैसे वाढले.

फोन सात आले. चार माणसं आली. एकाने जमीन पाहिली, कागद पाहिले आणि अर्जाचा निकाल लागला की येतो म्हणून गेला. जाताना त्याने टेबलावरचा पेपर उचलला, जाहिरात फाडून घेतली आणि खिशात ठेवली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरगा मोबाईलमध्ये होता.